प्लग गरम लागतोय? मग थांबा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



चाळीत राहणारीला वास बरोबर ओळखता येतात. कुणाकडे दूध उतू गेलं, कुणाच्या तव्यावर भाकरी करपली, कुणी सुकट भाजायला घेतली, हे आपल्याला दार न उघडताही कळतं. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर रोज रात्री दहाच्या सुमाराला एक वास यायला लागला. वास मासळीचा. आणि महिना श्रावणाचा! ज्यांच्या घरात श्रावण पाळतात त्या एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. दोन दिवस त्यावर हसणं-खिदळणंही झालं.

तिसऱ्या दिवशी कळलं की वास कुणाच्या स्वयंपाकघरातून येत नव्हता. तो येत होता आमच्या शेजारच्या वहिनींच्या बोर्डातून. वहिनी परळ-लालबागला जेवणाचे डबे पोचवतात, विजेच्या स्कूटरवर. रात्री डबे धुऊन झाले की गॅलरीतून एक्स्टेन्शन टाकून स्कूटर चार्जिंगला लावायच्या. बोर्डाचं आणि प्लगचं जे कडक प्लॅस्टिक असतं, त्यातल्या काही जाती तापल्या की मासळीसारखा वास सोडतात. वहिनींनी त्याआधी एका वायरमनला बोलावलं होतं. त्याने एमसीबीकडे बघितलं आणि म्हणाला, “एमसीबी पडत नाही ना? मग काही नाही.” आणि गेला.

आम्ही मेन बंद करून प्लग काढला. एक पिन निळसर काळी पडली होती. सॉकेटच्या त्याच भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं, चहाच्या कपाचं टेबलावर उमटतं तसं. आणखी आठ-दहा रात्री तसंच चाललं असतं तर काय झालं असतं, ते बोलून दाखवायला नको. आमच्या चाळीला जिना एकच आहे.

म्हणून आज मी विजेच्या गाडीच्या चार्जिंगच्या जोडाबद्दल बोलणार आहे. जोड म्हणजे भिंतीतलं सॉकेट, त्यातला प्लग आणि गाडीत जाणारं टोक. यात बिघाड झाला तर तो कुठे आहे हे आपण घरच्या घरी, काहीही न उघडता, कसं ओळखायचं? आणि कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं?

एमसीबी का पडला नाही?

आधी हे समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे.

एमसीबी दोन कारणांनी पडतो. एक, वायरीतून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली तर. दोन, फेज आणि न्यूट्रल थेट चिकटले, म्हणजे शॉर्ट झाला तर. घरात आरसीसीबी असेल तर तो तिसऱ्या कारणाने पडतो. वीज वायरीतून परत न येता दुसरीकडे, म्हणजे आपल्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून, जायला लागली तर. घरगुती वापराचा आरसीसीबी साधारण ३० मिलिअ‍ॅम्पिअरची गळती झाली की वीज तोडतो.

आता सैल प्लगचं बघा. गाडी ओढते तेवढीच वीज ओढते आहे. ती वायरीतूनच जाते आणि वायरीतूनच परत येते. जास्त नाही, शॉर्ट नाही, गळतीही नाही. फक्त एका ठिकाणी, पिन आणि सॉकेटमधली पट्टी यांच्या मधे, तिला अरुंद वाटेने जावं लागतं आणि तिथे उष्णता तयार होते. एमसीबीच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं. आरसीसीबीच्याही. हा बिघाड पकडायला बहुतेक घरांत एकच यंत्र असतं, ते म्हणजे आपलं नाक, डोळे आणि हात. तेव्हा “एमसीबी पडला नाही, म्हणजे काही नाही” हे वाक्य कुणी ऐकवलं तर मान हलवू नका.

थोडा हिशेब सांगते. स्कूटरचा चार्जर समजा ७५० वॅटचा आहे. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे तो साधारण सव्वातीन अ‍ॅम्पिअर वीज घेतो. चारचाकीबरोबर मिळणारा घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा असला तर चौदा अ‍ॅम्पिअरच्या वर. सैल जोडाचा अडथळा, ज्याला रोध म्हणतात, तो समजा एका ओहमचा दहावा भाग आहे. उष्णता काढायची तर अ‍ॅम्पिअरचा आकडा त्याच आकड्याने गुणायचा आणि मग रोधाने गुणायचा. स्कूटरला येते एक वॅटच्या आसपास. चारचाकीला येते जवळजवळ वीस वॅट. वीस वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाला ज्याने डाग देतो, त्या लहान सोल्डरिंग इस्त्रीएवढी उष्णता. आणि ती तुमच्या भिंतीतल्या प्लॅस्टिकमध्ये, एका पिनेच्या टोकाशी.

तुम्ही म्हणाल, त्याच बोर्डावर इस्त्रीही चालते, गिझरही चालतो, तेव्हा काही होत नाही. बरोबर आहे. पण मिक्सर चालतो दोन मिनिटं. गिझर चालतो पंधरा-वीस मिनिटं, आणि मग जोड थंड होतो. तीन युनिटची बॅटरी ७५० वॅटच्या चार्जरने भरायला चार तास तरी लागतात. चारचाकीला तर आठ-आठ, दहा-दहा तास. एवढा वेळ उष्णता साठत राहते. तापलं की आतल्या पितळी पट्टीची पकड ढिली होते. पकड ढिली झाली की रोध वाढतो. रोध वाढला की आणखी तापतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही, वाढतच जातं. म्हणून “अजून चालतंय ना, बघू नंतर” हे इथे चालत नाही.

शिवडीची हवा आणि जुनी वायरिंग

आपल्याकडे याला आणखी दोन गोष्टींची जोड आहे. एक म्हणजे खाडीची हवा. फ्लेमिंगो बघायला लोक जेट्टीवर येतात, ती खाडी आपल्या दाराशीच आहे. खारट दमट हवेने पितळेवर हिरवट थर चढतो. भांड्यांचं पितळ आपण चिंचेने घासून लख्ख करतो, पण सॉकेटमधलं पितळ कोण बघतं? त्यात गोदीकडे जाणाऱ्या ट्रकची धूळ. ओल आणि धूळ मिळून पिनेवर जो थर बसतो, तो विजेच्या वाटेतला अडथळाच.

दुसरी गोष्ट जुनी घरं. बीडीडी चाळी उभ्या राहिल्याला शंभर वर्षं झाली. इतर चाळीही काही कालच्या नाहीत. ज्या काळात खोलीत एक दिवा लावायचा, त्या काळच्या वायरिंगवर आपण फ्रिज, वॉशिंग मशीन आणि आता गाडी चढवली. कित्येक खोल्यांत बोर्ड तीन भोकांचा दिसतो, पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. त्याबद्दल पुढे सांगते.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. त्याची वायर बहुधा बारीक असते, टीव्ही-मोबाइलपुरती. ती गुंडाळून ठेवली तर आणखी तापते, कारण उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते. आणि प्लग, सॉकेट, पुन्हा प्लग असं करत सैल होऊ शकणारे जोड आपण दुप्पट करतो. चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन नको, हे आजच्या बोलण्यातलं पहिलं पथ्य.

काही न उघडता बिघाड शोधायचा कसा?

आता कामाचं. पायऱ्या क्रमाने ऐका. क्रम बदलू नका.

पहिली पायरी, बंद करणं. आधी गाडीवरून किंवा चार्जरवरून चार्जिंग थांबवा. मग बोर्डाचं बटण बंद. मग त्या बोर्डाचा एमसीबी बंद. नुसत्या बटणावर विसंबू नका, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद दिसतं आणि सॉकेटात फेज जिवंत असते. त्यानंतर प्लग त्याच्या अंगाला धरून काढा, वायर ओढून नाही. बटण चालू असताना प्लग कधीच ओढू नका. तेव्हा जी ठिणगी उडते ती पिनेला खड्डे पाडते, आणि खड्डे पडलेली पिन पुढच्या वेळी जास्त तापते.

दुसरी पायरी, हात लावून बघणं. अर्धा तास चार्जिंग झालं की वर सांगितल्याप्रमाणे सगळं बंद करा आणि लगेच प्लगच्या प्लॅस्टिकला आणि बोर्डाच्या पृष्ठभागाला हाताची मागची बाजू टेकवा. पिनेला हात लावायचा नाही, ती भाजू शकते. कोमट लागलं, चहा निवल्यावर कप लागतो तेवढं, तर चालेल. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर तो प्लग आणि तो सॉकेट आजपासून बंद. आज रात्रीपुरतंसुद्धा चालवायचं नाही.

तिसरी पायरी, डोळ्यांनी बघणं. मोबाइलची बॅटरी लावून प्लगच्या पिना बघा. तिन्ही पिना सारख्या चमकतात का? एखादी काळी, निळसर, खडबडीत आहे का? भोकाभोवती तपकिरी कडं आहे का? प्लॅस्टिक वितळून भोक वेडंवाकडं झालंय का? हिरवट थर आहे का? वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथे चिरली आहे का? एकच पिन काळी असेल तर त्या बाजूची पट्टी सैल झालेली आहे. अशी एकही खूण दिसली तर पुढची पायरी करायची नाही. थेट दुरुस्ती.

चौथी पायरी, जागा बदलून बघणं. ही फक्त तेव्हा, जेव्हा जळाल्याची एकही खूण नाही, वास नाही, पण चार्जिंग होत नाही किंवा मधेच बंद पडतं. तोच चार्जर घरातल्या दुसऱ्या, चांगल्या, १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटात लावा. जुनी माणसं ज्याला पंधराचा पॉवर प्लग म्हणतात तो. आता तीन शक्यता.

तिथे चार्जिंग सुरळीत झालं, तर दोष पहिल्या सॉकेटात किंवा त्याच्या वायरीत. वायरमनला बोलवा.

तिथेही चार्जरचा दिवा लागलाच नाही, तर दोष चार्जरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. वायरमनचा वेळ घेऊ नका, चार्जर कंपनीच्या सेवा केंद्रात न्या.

चार्जरचा दिवा लागतो, पण गाडी चार्जिंग घेत नाही, तर दोष गाडीकडच्या टोकात किंवा गाडीत. चार्जर भिंतीतून काढा, मग गाडीकडच्या तोंडात उजेड टाकून बघा. धूळ, पाणी, वाकडी पिन, मुंगळे, काहीही असू शकतं. फक्त बघायचं. आत काही घालायचं नाही.

अजून दोन खुणा. वायर एका बाजूला धरली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद, असं होत असेल तर वायर आतून तुटत आली आहे. अशी वायर हलवून-हलवून, चिकटपट्टी लावून चालवू नका. आणि चार्जिंग रोज पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप थांबत असेल, तर काही चार्जर तापले की स्वतःला थांबवतात. त्याला पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे ताप आलेल्या पोराला शाळेत पाठवण्यासारखं आहे. दिव्यांचे रंग काय सांगतात ते पुस्तिकेत बघा, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. करपलेला प्लग चांगल्या सॉकेटात लावला तर तो चांगल्या सॉकेटलाही तापवून बिघडवतो. आणि करपलेल्या सॉकेटात नवा प्लग लावला तरी तेच. म्हणून बदलायचं तर दोन्ही एकदम. वहिनींनी आधी नुसता बोर्ड बदलायचं म्हटलं होतं, दोनशे-तीनशे रुपये वाचवायला. तो प्लग तसाच राहिला असता तर महिन्याभरात पुन्हा तोच वास आला असता.

तिसरी पिन शोभेची नाही

प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. गाडीच्या किंवा चार्जरच्या पत्र्यात चुकून वीज आली तर ती जमिनीत जाण्याची वाट हीच. ही वाट नसेल तर ती वाट आपण होतो, ओल्या पायांनी, स्कूटरला हात लावून.

चारचाकीचे बरेच चार्जर आधी अर्थिंग तपासतात आणि ते नसेल तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतात. तो चार्जरचा नखरा नाही. तो तुमच्या घराचा आजार सांगतो आहे. पण इथे एक जुगाड फार चालतो. काही जण सॉकेटमागे न्यूट्रलची वायरच अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. आणि मग कधीतरी न्यूट्रल तुटतो किंवा कुणी दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल करतो. त्या क्षणी गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो, २३० व्होल्टनी. अंगणात खेळणारं पोर गाडीला टेकलं तर? “ताई, पाच मिनिटांत काम होईल, अर्थिंग कशाला खेचायचं” असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

अर्थिंग आहे की नाही हे टेस्टरने कळत नाही. ते परवानाधारक माणसाने मीटर लावूनच बघायचं.

बांगड्या, मंगळसूत्र आणि गाडीकडचं टोक

भिंतीचा एमसीबी बंद केला की भिंतीतली वीज गेली. पण बॅटरीतली वीज कुठेच जात नाही. स्कूटरची बॅटरी बहुधा ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची असते, चारचाकीची अनेकदा ३०० व्होल्टच्या वर. आपला टेस्टर घरातल्या विजेसाठी बनवलेला आहे. बॅटरीवर तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असा अर्थ होत नाही.

काढता येणारी बॅटरी उचलताना हातातल्या बांगड्या, लोंबणारं मंगळसूत्र, घड्याळाचा पट्टा जपा. बॅटरीच्या दोन टोकांवर धातूची बांगडी आडवी पडली तर क्षणात तापून लाल होऊ शकते. हात आत असताना काय होईल ते सांगायला नको. बांगड्या मागे सारून त्यावर रुमाल बांधा, मंगळसूत्र पदराच्या किंवा कुर्त्याच्या आत टाका. केसातली पिन, सेफ्टी पिन, सुई घालून धूळ काढायची नाही. पिना पॉलिशपेपरने घासायच्या नाहीत, वरचा मुलामा गेला की त्या लवकर गंजतात. ओलं फडकं तर नकोच.

आणि दुसऱ्याचा चार्जर लावायचा नाही. टोक बसलं म्हणजे चार्जर चालतो असं नाही. दोन कंपन्यांची टोकं सारखी दिसतात आणि व्होल्ट वेगळे असतात. काही स्वस्त स्कूटरचं चार्जिंगचं तोंड तर संगणकाच्या वायरीसारखं असतं. घरातली संगणकाची वायर त्यात बसते, पण त्या वायरीतून भिंतीची २३० व्होल्ट वीज थेट बॅटरीत जाईल. मुलांना हे आवर्जून सांगा. दुचाकी-तिचाकीसारख्या हलक्या गाड्यांसाठी एकच जोड असावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मानक काढलं आहे. पण रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या काही त्या जोडाच्या नाहीत. तोवर ज्याचा चार्जर त्याला.

रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रात

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचं मुंबईकडचं टोक आपल्या शिवडीतच. ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या चारचाकींना तिथे टोल माफ झाला. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी आता अशी गाडी आहे, किंवा घरातलं कुणी टॅक्सी म्हणून चालवतं.

केंद्रातल्या जाड वायरीच्या टोकाला चालक लोक ‘गन’ म्हणतात. चारचाकीच्या साध्या एसी गनला सात पिना असतात. त्यातल्या दोन बारीक पिना नुसत्या बोलण्यासाठी. गाडी आणि चार्जर त्यावरून एकमेकांना विचारतात, ‘नीट बसलंय का? सुरू करू का?’ होकार मिळाल्यावरच मोठ्या पिनांत वीज येते. गन काढायच्या आधीही वीज थांबते. म्हणून ही गन घरातल्या प्लगपेक्षा सुरक्षित. भिंतीतला तीन पिनांचा प्लग काही विचारत नाही, बटण चालू आहे तोवर तो वीज देतच राहतो.

तरी गन हातात घेतल्यावर दोन क्षण बघा. तोंड फुटलेलं, काळं पडलेलं, आत पाणी साचलेलं असेल तर ती जागेवर ठेवा आणि केंद्राला कळवा. गन जमिनीवर पडू देऊ नका, पावसात ती चिखल उचलते. चार्जिंग सुरू होऊन लगेच थांबलं तर एकदा पूर्ण काढून नीट बसवा. दुसऱ्यांदाही थांबलं तर दुसरी गन घ्या. गाडीत अडकली तर ओढाताण नको. चार्जिंग थांबवा, गाडीचं लॉक उघडा, मग काढा. धूर किंवा ठिणगी दिसली तर जलद चार्जरवर मोठं लाल बटण असतं, ते दाबा आणि लांब व्हा.

वायरमनला काय सांगायचं?

मीटरपर्यंतची वीज बेस्टची, मीटरच्या पुढची जबाबदारी आपली. गाडीमुळे भार वाढणार असेल तर मंजूर भार पुरेसा आहे का, हे बेस्टच्या कार्यालयात विचारून घ्या. पुढच्या कामाला परवानाधारक माणूस बोलवा आणि त्याला ‘बघ जरा’ म्हणू नका. नेमकं सांगा. ‘गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र पॉइंट हवा. वेगळा एमसीबी हवा, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी हवा. सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचं, आयएसआय खुणेचं. वायर तांब्याची, चारचाकी असेल तर ४ चौरस मिलिमीटरची. आणि अर्थिंग मीटर लावून दाखवा.’ एवढं बोललात की समोरचा माणूस सावरून बसतो. अनुभवाने सांगते.

आणि तरीही काही झालंच तर

जळका वास आला तर त्या बोर्डाला हात न लावता मेन बंद करा. ठिणग्या उडत असल्या तर पाणी मारू नका. कुणाला शॉक बसला तर त्याला धरू नका, आधी मेन बंद. मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने त्याला बाजूला सारा, आणि १०८ ला फोन करा. बॅटरीतून धूर यायला लागला, ती फुगली, सूं-सूं आवाज आला, तर ती उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडू नका. माणसं बाहेर काढा, दार लोटून घ्या, १०१ ला फोन करा आणि ‘विजेच्या गाडीची बॅटरी’ हे शब्द जरूर सांगा.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचं पोर दगावलं. पहाटेची वेळ होती, मूल झोपेत होतं. तो बिघाड बॅटरीचा होता, आपण आज जोडाबद्दल बोलतोय. पण धडा दोन्हींना लागू पडतो. सगळे झोपल्यावर चार्जिंग नको, आणि चार्जिंगची जागा दाराच्या, जिन्याच्या वाटेत नको. जिन्याखाली गाडी लावून चार्ज करणं सोयीचं असतं खरं. पण आग लागली तर वरच्या तीन मजल्यांची उतरायची वाट तीच.

तुमचे प्रश्न

काही मैत्रिणींनी आधीच प्रश्न पाठवले होते, त्यातले तीन घेते.

एकीने विचारलंय, ‘स्कूटरचा प्लग बारीक पिनांचा आहे. मोठ्या सॉकेटात लावला तर चालेल का?’ दोन्ही प्रकारचे प्लग घेणारे सॉकेट असतात, पण स्वस्त किंवा जुन्या सॉकेटात बारीक पिना सैल बसतात. लावल्यावर प्लग लटपटला, स्वतःच्या वजनाने खाली झुकला, तर तो सॉकेट चार्जिंगला नको. मधे कन्व्हर्टर पिन घालणं म्हणजे आणखी एक सैल जोड. तेही नको.

दुसरीचा प्रश्न, ‘पावसात भिजलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावावी का?’ नाही. चार्जिंगचं तोंड वरून कोरड्या फडक्याने पुसा, झाकण उघडं ठेवून वाऱ्याला वाळू द्या. हेअर ड्रायर मारू नका. आपले हात-पाय कोरडे, पायात चप्पल, मगच प्लग.

तिसरीने लिहिलंय, ‘मी सांगते, पण घरात कुणी ऐकत नाही. म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं.’ मैत्रिणी, अर्ध्या तासाने बोर्ड बंद करून त्यांचाच हात त्या प्लगवर ठेव. चटका बसला की आपोआप पटेल.

आमच्या वहिनींच्या बोर्डाचं काम झालं. बोर्ड नवा, प्लग नवा, वेगळा एमसीबी, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीला अर्थिंग. एक्स्टेन्शन गेलं. वहिनी आता दुपारी डबे देऊन आल्या की चार्जिंग लावतात. घरात सगळे जागे असतात आणि अर्ध्या तासाने सासूबाई उठून बोर्ड बंद करून हात लावून बघतात. त्यांना आम्ही गमतीने मजल्याच्या एमसीबी म्हणतो.

आज रात्री तुमच्याकडे गाडी चार्जिंगला लागेल, तेव्हा अर्ध्या तासाचा गजर लावा. बंद करा, काढा, हात टेकवा, उजेड टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि श्रावणात मासळीचा वास आला, तर शेजारणीवर संशय घ्यायच्या आधी आपला बोर्ड बघा.